जाळं कापलं की टोकांचं काय होतं?

कार्लो रोव्हेल्ली आणि फ्रान्चेस्का विदोत्तो यांचं ‘कोव्हेरियंट लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हे पुस्तक २०१४ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. आमच्या विषयात पीएचडीला येणाऱ्या पोरांच्या हातात बहुतेक वेळा पहिलं हेच पडतं, आणि पडावंच. लहान आहे, मोकळं आहे, विद्यार्थ्याला घाबरवत नाही. पण त्यात एक शब्द सारखा येतो, इतका की पुस्तकाचा अर्धा डोलारा त्याच्यावर उभा आहे, आणि नेमका तोच शब्द लेखकांनी अर्धवट सोडलाय असं माझं मत आहे. तो शब्द म्हणजे सीमा.

आजचा लेख त्या तक्रारीबद्दल. गणित कमी ठेवतो, पण पार टाळत नाही. टाळलं तर तक्रार काय आहे हेच कळणार नाही.

आधी स्पिन-नेटवर्क म्हणजे काय ते बघू. आमच्या जालना जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणं तसं सोपं आहे. मोसंबीच्या बागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. विहिरीवरून मेन लाइन, तिच्यातून सबमेन, सबमेनमधून नळ्या. जिथे पाइप जुळतात तिथे टी किंवा एल्बो. (ड्रिपर सगळे बंद आहेत असं समजा, पाणी मध्येच कुठे गळत नाही.) आता माती काढून टाका, झाडं काढून टाका, शेतही काढून टाका. उरलं फक्त पाइपांचं जाळं. प्रत्येक पाइपावर एक आकडा लिहा: १/२, १, ३/२, २... हा स्पिन. आणि प्रत्येक जोडावर एक अट पाळा: जेवढं आत येतं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. झालं स्पिन-नेटवर्क. फरक एवढाच की हे जाळं अवकाशात पसरलेलं नाही. हे जाळं म्हणजेच अवकाश.

आकड्यांना भौमितिक अर्थ आहे. एखादा पृष्ठभाग जिथे पाइपाला आडवा छेदतो, तिथे त्या पृष्ठभागाला क्षेत्रफळ मिळतं. स्पिन जे असेल तर क्षेत्रफळ किती? ८ × पाय × गॅमा × √(जे(जे+१)), एकक प्लँक लांबीचा वर्ग. प्लँक लांबी म्हणजे साधारण १.६ × १०⁻³⁵ मीटर. गॅमा हा एक शुद्ध आकडा, त्याला इमिर्झी पॅरामीटर म्हणतात. त्याच्याकडे नंतर येतोच, कारण खरी गोम तिथे आहे. घनफळ जोडांवर बसतं.

अशी जाळी पहिल्यांदा काढली रॉजर पेनरोजने, १९७१ मध्ये, गुरुत्वाचं समीकरण समोर नसताना. ती गुरुत्वात आली त्याला कारण १९८६ चा एक शोधनिबंध. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी आइन्स्टाइनची समीकरणं अशा नव्या चलांमध्ये मांडली, की ती विद्युतचुंबकत्वाच्या घराण्यातली वाटायला लागली. जोडावरची ‘जेवढं आत तेवढं बाहेर’ ही अट तिथूनच येते, तो गाउसचा नियम आहे. त्या चलांवर रोव्हेल्ली आणि ली स्मोलिन यांनी काम केलं आणि १९९५ मध्ये क्षेत्रफळ आणि घनफळ तुकड्या-तुकड्यांतच मिळतं हे दाखवलं.

हे झालं एका क्षणाचं अवकाश. जाळं बदलत गेलं की प्रत्येक पाइप आपल्यामागे एक पडदा ओढतो, प्रत्येक जोड एक रेघ ओढतो, आणि असे पडदे एकमेकांना चिकटून साबणाच्या फेसासारखी रचना तयार होते. मायकेल रायझेनबर्गर आणि रोव्हेल्लींनी १९९७ मध्ये हे मांडलं, जॉन बाएझने १९९८ मध्ये नाव दिलं: स्पिनफोम. फेस कुठेही कापा, कापलेल्या जागी स्पिन-नेटवर्क दिसतं. सर्वांत लहान फेसाची, म्हणजे एका शिरोबिंदूची, सीमा बघितली तर तिथे ५ जोड आणि १० पाइप असतात. हे चार मितींतल्या सर्वांत साध्या ठोकळ्याचं कवच.

आता पुस्तकाची जमेची बाजू सांगतो, ती मोठी आहे. नेहमीच्या क्वांटम मेकॅनिक्समध्ये प्रश्न असा असतो: दहा वाजता अवस्था ही होती, अकरा वाजता ती असण्याची संभाव्यता किती? गुरुत्वात हा प्रश्न विचारता येत नाही, कारण दहा आणि अकरा हे आकडे ज्या घड्याळाने दाखवायचे ते घड्याळ गुरुत्वाच्या क्षेत्रानेच चालतं. रॉबर्ट ओएकलने २००३ मध्ये यावर एक वाट सुचवली होती. अवकाशकाळाचा एक तुकडा घ्या, त्याच्याभोवती बंद सीमा काढा, आणि अवस्था त्या पूर्ण सीमेवर लिहा. ‘आधी’, ‘नंतर’ आणि ‘बाजूला’ असा भेद करू नका. रोव्हेल्ली-विदोत्तो हाच धागा उचलतात आणि फार सुंदर विणतात. क्वांटम सिद्धांताच्या भाषेतली ‘प्रक्रिया’ आणि सापेक्षतेच्या भाषेतला ‘अवकाशकाळाचा तुकडा’ या दोन गोष्टी एकच आहेत, असं ते म्हणतात. तुकडा म्हणजे प्रक्रिया, सीमा म्हणजे अवस्था. दुसऱ्या प्रकरणात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो, इतकं ते डोक्यात भरलं.

पण मग पुढे काय? तुकडे एकमेकांना जोडायचे. आणि अडचण तिथेच आहे.

चार भावांची वाटणी झाली असं समजा. एका मोठ्या गटाचे चार तुकडे, मध्ये एका ठिकाणी चारही तुकडे भेटतात. थोरल्याच्या आणि मधल्याच्या शेतामधला धुरा कुठे संपतो? तिथे, जिथे बाकी दोघांची हद्द सुरू होते. त्या जागी मोजणीवाले दगड रोवतात. धुऱ्यावरून भांडणं होतात हे खरं, पण मोजणी उभी राहते दगडांवर. थोरला आणि मधला आपली शेतं पुन्हा एक करायची म्हणाले तर ते पूर्ण कडेने जुळत नाहीत. फक्त सामाईक धुऱ्याने जुळतात, आणि त्या धुऱ्याला दोन टोकं असतात.

स्पिनफोमचंही असंच. एका तुकड्याची पूर्ण सीमा बंद असते, तिला स्वतःला कड नसते. पुस्तक याच बंद पाकिटाशी बोलतं. पण दोन तुकडे जोडताना पाकिटाचा फक्त एक भाग जुळतो, आणि त्या भागाला कड असते, चार मितींच्या हिशोबात दोन मितींची. इंग्रजीत तिला ‘कॉर्नर’ म्हणतात, मी दगड म्हणेन. सीमेवरचं स्पिन-नेटवर्क त्या कडेशी कापलं जातं. पाइप तुटतात. तुटलेल्या टोकांवर काय लिहायचं, हा प्रश्न पुस्तकात मध्यवर्ती व्हायला हवा होता. तिथे पुस्तकाचा भर नाही.

‘टोकांवर काय लिहायचं त्यात एवढं काय? स्पिन लिहा, संपलं’ असं कुणी म्हणेल. तेवढ्यावर भागत नाही. का, ते सांगतो.

आतापर्यंत पाइपातून पाणी वाहतंय असं म्हटलं. पाण्याला फक्त कमी-जास्त असतं. इथे वाहणारी गोष्ट बाण आहे, तिला लांबी आहे आणि दिशाही आहे. जोडावरची अट अशी की सगळे बाण मिळून शून्य व्हावेत. (चार बाणांची बेरीज शून्य झाली की त्यातून एक चौफलक उभा राहतो, प्रत्येक बाण एका फळीला लंब. हरमान मिंकोव्स्कीचं १८९७ चं प्रमेय. ‘अवकाशाचे कण’ म्हणतात ते हेच.) पण दिशा मोजायची कशाच्या सापेक्ष? प्रत्येक जोडावर स्वतःचं होकायंत्र आहे आणि ते कसंही फिरवलं तरी भौतिक निष्कर्ष बदलत नाही. यालाच गेज स्वातंत्र्य म्हणतात. पाठ्यपुस्तकं शिकवतात की गेज म्हणजे फालतू माहिती, तिला गाळून टाका.

दोन मोजणीदारांनी दोन शेतांचे दोन वेगळे नकाशे काढलेत. एकाने उत्तर वर ठेवली, दुसऱ्याने आपल्या सोयीने कागद तिरका धरला. आपापल्या शेतापुरतं दोघांचंही बरोबर: क्षेत्र तेच, कोन तेच. कागद कसा धरला ही खरोखर फालतू गोष्ट. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून जोडायचे म्हटलं की एकाचा कागद दुसऱ्याच्या तुलनेत किती तिरका, हे माहीत असावंच लागतं. जे एका शेतात फालतू होतं, ते दोन शेतांच्या मध्ये कामाचं झालं.

आणि गंमत बघा, हे म्हणणारा माणूस कोण? रोव्हेल्लीच. २०१३ मध्ये त्यांनी ‘व्हाय गेज?’ नावाचा छोटा निबंध लिहिला. निसर्गात गेज का सापडतं, तर गेज चलं म्हणजे एका प्रणालीला दुसरीशी जोडायच्या मुठी आहेत, असं त्यांचं उत्तर. मला तो निबंध फार आवडतो. पण मग वर्षभरात आलेल्या पुस्तकात तुकडे जोडायची वेळ येते तेव्हा त्या मुठी का दिसत नाहीत? लेखकाने स्वतःचाच सर्वांत चांगला मुद्दा स्वतःच्या पुस्तकात वापरला नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबादमधून आले, परतूर परभणीतून. त्या सकाळी कुणाच्या वावरातून रेघ उमटली नाही, गोदावरीनेही पात्र बदललं नाही. पण काल जी एका कचेरीतली आतली नोंद होती, ती आज दोन कचेऱ्यांनी एकमेकांशी पडताळून बघायची नोंद झाली. कापल्याने नवीन वस्तू तयार झाली नाही, जुन्या नोंदीला नवीन काम मिळालं. विल्यम डॉनेली आणि लॉरां फ्रायडेल यांनी २०१६ मध्ये गेज सिद्धांतांसाठी आणि गुरुत्वासाठी हेच काटेकोर मांडलं: प्रदेश कापला की सीमेवर जास्तीची स्वातंत्र्यं धरावी लागतात, नाहीतर दोन अर्धे जोडून पूर्ण मिळत नाही. त्यांना ‘एज मोड’ म्हणतात.

स्पिन-नेटवर्कमध्ये हे बोटावर मोजता येतं. स्पिन जे असलेला पाइप कापला की प्रत्येक टोकाला २जे+१ अवस्था मिळतात, म्हणजे बाण कुठे बघतोय त्याचे तेवढे पर्याय. आणि पाइप मुळात एकच असल्यामुळे दोन्ही टोकांचे बाण एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतात. गुंत्याचं माप लॉगरिदम (२जे+१). डॉनेलीने हे २००८ मध्येच दाखवलं होतं. स्पिन १/२ असेल तर प्रत्येक कापामागे लॉगरिदम २, म्हणजे ०.६९३. जितके पाइप कापले तितका गुंता, म्हणजे गुंता पृष्ठभागाच्या प्रमाणात. कृष्णविवरांचा नाद असलेल्या वाचकाचे कान इथे टवकारले असतील. थांबा, येतोच.

त्याआधी ठिबकाची उपमा कुठे मोडते ते सांगायला हवं, नाहीतर मी पण पुस्तकासारखंच करीन. पाण्याच्या जाळ्यात प्रत्येक जोड नीट असेल तर शेताबाहेर डोकावणाऱ्या सगळ्या टोकांची बेरीज शून्यच येणार. बाणांच्या जाळ्यात असं नसतं. बाण एका जोडावरून दुसऱ्या जोडावर नेताना वळतो. जाळ्यात बंद फेरा असेल आणि फेरा पूर्ण करून आलेला बाण मूळ दिशेला परत येत नसेल, तर आतला प्रत्येक जोड बिनचूक असूनही बाहेरच्या टोकांची बेरीज शून्य येत नाही. हे जे ‘न जुळणं’ आहे ती आतली वक्रता. म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत न जाता, फक्त टोकं बघून, आत अवकाश वाकलेलं आहे याचा सुगावा लागतो. विद्युतक्षेत्रात बाहेरून आतला भार कळतो, तसंच. छ्यान चेन आणि एतेरा लिव्हिन यांच्या २०२१ च्या कामात हे चित्र सर्वांत स्वच्छ दिसतं: सीमा असलेलं स्पिन-नेटवर्क ही नुसती अवस्था राहत नाही, ती एक यंत्रणा होते, आतली वक्रता घालायची आणि सीमेवरची अवस्था बाहेर काढायची. दोन्ही लेखनं शेजारी ठेवून वाचली की २०१४ च्या पुस्तकातली सीमा किती गप्प आहे ते जाणवतं.

आता मुद्द्यावर. यावर मला एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: टोकांवरचे बाण हे हिशोबाचं सामान आहे, जोडताना घेतलं, जोडून झालं की टाकलं, त्याचा निसर्गाशी काय संबंध? याला माझं उत्तर म्हणजे तीन आकडे.

१९९८ मध्ये अष्टेकर, बाएझ, अलेहान्द्रो कोरिची आणि किरिल क्रास्नोव्ह यांनी कृष्णविवराची एन्ट्रॉपी स्पिन-नेटवर्कवरून मोजली. त्यांनी क्षितिजाला अवकाशाची आतली सीमा मानलं. बाहेरून येणारे पाइप क्षितिजाला भोकं पाडतात, प्रत्येक भोक थोडं क्षेत्रफळ देतं, आणि दिलेल्या एकूण क्षेत्रफळासाठी भोकांच्या किती तऱ्हा शक्य आहेत ते मोजायचं. उत्तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात आलं, हा या सिद्धांताचा आजवरचा सर्वांत देखणा क्षण आहे. पण हॉकिंगचा गुणक हवा १/४. तो बसवायला गॅमा निवडावा लागला: लॉगरिदम २ भागिले (पाय × √३), म्हणजे ०.१२७. इथे सगळी भोकं स्पिन १/२ चीच असं जवळपास धरलं होतं.

२००४ मध्ये मार्सिन डोमागाला आणि येझी लेवांडोव्स्की यांनी दाखवलं की मोठ्या स्पिनची भोकंही मोजणीत भर घालतात, आणि क्रिस्टोफ माइस्नरने नवीन गॅमा काढला: ०.२३७५. ही मोजणीची दुरुस्ती होती, तिच्यावर वाद नाही. वाद पुढे आहे. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचे ए. घोष आणि पी. मित्रा यांनी त्याच सुमारास विचारलं की भोकाची फक्त बाणाची अवस्था मोजायची, की त्याचा स्पिनही वेगळा मोजायचा? दोन्ही मोजलं तर गॅमा ०.२७४.

आता हे आकडे क्षेत्रफळाच्या सूत्रात घाला. सर्वांत लहान तुकड्याचं क्षेत्रफळ पहिल्या गॅमाने प्लँक क्षेत्रफळाच्या २.८ पट येतं, दुसऱ्याने ५.२ पट, तिसऱ्याने ६ पट. लोकप्रिय पुस्तकांत ज्याला ‘अवकाशाचा अणू’ म्हणतात, त्याचं माप बदललं. आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक कशाने पडला? समीकरण तेच, कृष्णविवर तेच. फरक एवढाच की सीमेने काय लक्षात ठेवावं याबद्दल दोन गटांचं मत वेगळं. हिशोबाचं सामान म्हणून टाकून दिलेली गोष्ट अवकाशाच्या अणूचं माप ठरवते!

आणखी एक पुरावा चेन्नईहून येतो. रोमेश कौल आणि पार्थसारथी मजुमदार यांनी २००० मध्ये एन्ट्रॉपीच्या सूत्रातली पुढची, लहान संज्ञा काढली: वजा ३/२ गुणिले क्षेत्रफळाचा लॉगरिदम. क्षितिजावर बाण सर्व दिशांना फिरायला मोकळे, म्हणजे एसयू(२), असं धरलं तर हे उत्तर. बाण क्षितिजाच्या लंबाशी बांधून टाकले, म्हणजे यू(१), तर वजा १/२. पुन्हा तोच प्रश्न. टोकाला किती मोकळीक आहे? जोनाथन एंगल, करीम नुई आणि अलेहान्द्रो पेरेझ यांनी २०१० मध्ये एसयू(२) ची मोकळीक राखून मोजणी केली आणि वजा ३/२ व ०.२७४ दोन्ही एकत्र मिळाले.

माझा कल कुठे आहे ते उघड सांगतो. सीमेने तेवढं लक्षात ठेवावं जेवढं जोडणीला लागतं. दोन इंची पाइपाला तीन इंची कपलर बसत नाही, म्हणजे स्पिन माहीत हवा. आणि बाणाची दिशा जुळल्याशिवाय दोन नकाशे जुळत नाहीत, म्हणजे बाणही मोकळा हवा. या न्यायाने तिसरा आकडा जास्त सरळ वाटतो. अर्थात गॅमा मुळात १/४ मिळावा म्हणून मागून बसवलेला आहे, ही या सगळ्या प्रकरणातली जुनी दुखरी नस, आणि सीमेचा विचार कितीही केला तरी ती आपोआप बरी होत नाही. पण निदान कोणता आकडा बसवायचा हे मर्जीवर राहत नाही.

रोव्हेल्ली-विदोत्तोंच्या पुस्तकात कृष्णविवरांवर पूर्ण प्रकरण आहे, दहावं. दुसऱ्या प्रकरणातली सीमा आणि दहाव्या प्रकरणातलं क्षितिज यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला हवी होती. वाचणाऱ्याला ते दोन वेगळे विषय वाटतात.

हाच प्रश्न काळाच्या दिशेनेही उभा राहतो. हॅल हॅगार्ड आणि रोव्हेल्ली यांनी २०१४ मध्ये कृष्णविवर उलटून श्वेतविवर होण्याचं चित्र मांडलं. त्यात क्वांटम भागाभोवती जी सीमा काढतात ती दोन पृष्ठभागांची, एक भूतकाळाकडचा, एक भविष्याकडचा. हे दोन्ही पृष्ठभाग एका गोलावर भेटतात. हा गोल म्हणजे आपला दगडच! पुढच्या गणनांमध्ये त्या गोलाचं क्षेत्रफळ काही पाइपांवरच्या स्पिनमधून येतं आणि काम पुढे सरकतं. पण दोन पृष्ठभाग गोलापाशी किती कोनात भेटतात, ही क्षेत्रफळाच्या जोडीची राशी आहे: एक नेमकी केली की दुसरी धूसर होते. अभिजात गुरुत्वात हे माहीत आहे. सीमेला कोपरा असेल तर क्रियेत क्षेत्रफळ गुणिले कोन अशी संज्ञा घालावी लागते, जेफ हेवर्डने १९९३ मध्ये दाखवलं. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, तुलियो रेज्जेने सपाट ठोकळे जोडून वक्र अवकाशकाळ बनवला, तेव्हा वक्रता फक्त ठोकळ्यांच्या दोन-मितीय बिजागऱ्यांवर राहिली आणि पूर्ण क्रिया म्हणजे बिजागरीचं क्षेत्रफळ गुणिले कोनातली तूट, यांची बेरीज. स्पिनफोम रेज्जेला आपला पूर्वज मानतो. म्हणून कोपऱ्यांना तळटीप समजणं मला पटत नाही. रेज्जेकडे सगळं गुरुत्वच कोपऱ्यात राहतं.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. फ्रायडेल, मार्क गेलर आणि दानिएले प्रांझेत्ती यांची ‘एज मोड्स ऑफ ग्रॅव्हिटी’ ही लेखमाला २०२० मध्ये सुरू झाली. तिथे दगड हाच नायक आहे. कोपऱ्यावरच्या सममिती कोणत्या, त्यांचं बीजगणित काय, क्षेत्रफळाचे तुकडे त्यातून कसे पडतात, हे सगळं तिथे बारकाईने येतं, आणि आधी जाळं गृहीत न धरता येतं, हे विशेष. पण वाचता वाचता मला सारखं वाटतं की यांनी दगड इतके नीट रोवले की वावरात काय पिकतं हे विचारायचं राहूनच गेलं. दोन तुकड्यांमधली संभाव्यता काढायची झाली तर अजून आपण २००८ च्या ईपीआरएल मॉडेलकडेच जातो, म्हणजे एंगल, परेरा, रोव्हेल्ली आणि लिव्हिन यांच्या सूत्राकडे. एका गटाकडे गतिकी आहे पण कोपरे मुके. दुसऱ्याकडे बोलके कोपरे आहेत पण गतिकी कच्ची. एतेरा लिव्हिनचं नाव दोन्हीकडे दिसतं हे मला आशेचं वाटतं.

मराठीत अष्टेकरांवर जे लिहिलं जातं त्यात ‘आइन्स्टाइनच्या पुढे गेलेला मराठी माणूस’ यापलीकडे फार थोडं असतं. शिरपूरचा उल्लेख येतो, अभिमान येतो, सूत्र येत नाही. मला वाटतं त्यांच्या कामाचा मान राखायचा तर १९८६ च्या चलांमुळे गुरुत्वात गाउसचा नियम आला, आणि गाउसचा नियम आला म्हणूनच कापलेल्या टोकाचा प्रश्न आला, एवढं तरी वाचकापर्यंत पोचवायला हवं. ठिबकाचा टी बसवणाऱ्या माणसाला ते कळायला अडचण नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघालीच, तर मला एकच प्रकरण वाढवून हवंय, पाचव्याच्या लगेच नंतर. पाचवं प्रकरण तीन मितींचं आहे, जॉर्जियो पोन्झानो आणि रेज्जे यांचं १९६८ चं मॉडेल. तिथे सगळं हाताने करता येतं: ठोकळा म्हणजे चौफलक, त्याची संभाव्यता म्हणजे ६जे चिन्ह, आणि दगड म्हणजे नुसती एक वक्ररेघ. सीमा असलेल्या या मॉडेलवर बियांका डिट्रिख, क्रिस्टोफ ग्योलर, लिव्हिन आणि आल्दो रिएलो यांनी २०१७ पासून जे काम केलंय, ते त्या प्रकरणाचा कच्चा माल आहे. त्यांनी डोनटच्या आकाराची सीमा घेतली आणि सीमेवरची अवस्था बदलली की उत्तर कसं बदलतं ते दाखवलं. पुढच्या लेखात एकच चौफलक घेऊन, त्याच्या सहा कडांवर आकडे टाकून, तो मधोमध कापून बघू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.